रोमचा पहिला दिवस... पाण्याच्या मागे!

आई-बाबांना घेऊन युरोपला निघालो म्हटलं की ऑफिसातले सगळेच एक्स्पर्ट होतात. ‘पहिल्याच दिवशी कोलोसियम उरकून टाक’, ‘व्हॅटिकनची लाइन सकाळीच गाठ’... अरे बाबांनो, रात्रभर विमानात पाय मुडपून बसलेल्या साठीच्या माणसांना पहिल्या दिवशी किती पळवायचं? आम्ही रोममधला पहिला दिवस चक्क पाण्याच्या मागे फिरून घालवला. आणि काय सांगू, एकदम झक्कास जमला!

आमची टीम अशी: आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. बाबा महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेले. तेव्हापासून माणूस जरा गप्पच झालाय. पहाटे पाचला उठून बिल्डिंगचा पंप चालू करणं, हे एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंय. ‘‘मी आठ दिवस नसलो तर टाकी कोण भरणार?’’ हे त्यांचं ट्रिपला न येण्याचं ऑफिशियल कारण. थोडक्यात, बाबांचा मूड हाच या ट्रिपचा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

फ्युमिचिनो एअरपोर्टवरून लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत थेट तेर्मिनी स्टेशनवर सोडते. तिकीट १४ युरो. बाबांचा हिशेब सोपा, एक युरो म्हणजे शंभर रुपये. चौघांचे ५,६०० ऐकून ते आणखीनच गप्प! हॉटेलची रूम दुपारनंतर मिळणार होती. बॅगा रिसेप्शनवर टाकल्या, आईने डब्यातल्या दशम्या पर्समध्ये सरकवल्या आणि आम्ही मेट्रो पकडली.

नाकाड्या नळ

स्पान्या स्टेशनवर उतरलो. समोर जगप्रसिद्ध स्पॅनिश स्टेप्स. पण २०१९पासून या पायऱ्यांवर टेकायलाही बंदी आहे, बसलात की दंड. गुडघेवाल्या बाबांना त्यात काय इंटरेस्ट असणार? ते बघत होते पायऱ्यांच्या खालचं कारंजं. अर्धी बुडालेली दगडी होडी. ‘‘एवढी खाली का केली असेल?’’ त्यांनी विचारलं. सकाळपासूनचा पहिला प्रश्न! उत्तर माझ्याकडे तयार होतं. इथे पाण्याला प्रेशरच कमी, उंच उडणार नाही. म्हणून १६२०च्या दशकात पिएत्रो बेर्निनी या शिल्पकाराने जमिनीच्या पातळीखाली होडीच करून टाकली. बाबा चक्क हसले. ‘‘म्हणजे शेवटच्या मजल्यावरच्या नळासारखं!’’

पुढे गल्लीत एक लोखंडी नळ सापडला. असे सुमारे अडीच हजार नळ रोमभर आहेत, १८७४पासून. नाव नासोने, म्हणजे मोठं नाक. आईने लगेच बारसं केलं, ‘‘अहो, हे नाकाडं बघा!’’ नाकाचं टोक बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, थेट तोंडात. पाणी गार, पिण्याचं आणि फुकट. फक्त बंद करायला तोटी नाही. ‘‘चोवीस तास वाहतंय?’’ बाबांचा जीव कळवळला. पण ओंजळ लावून प्यायलेही तेच सगळ्यात आधी.

वीस किलोमीटर, चार मीटर

तिथून त्रेवी फाउंटन चालत दहा मिनिटं. गर्दी तुफान! २०२४च्या अखेरीपासून कुंडापाशी एका वेळी ४०० जणांनाच सोडतात. सगळे पाठमोरे उभे राहून नाणी टाकत होते. (ही नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या कारितास संस्थेला देतात.) भाऊ सेल्फीत बिझी. मी बाबांना म्हटलं, हे बांधकाम १७६२ सालचं, पण पाणी आणणारी वाहिनी इसवी सनापूर्वी १९ मधली. अग्रिप्पा नावाच्या रोमन सेनानीने बांधलेली. लांबी वीस किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून. आणि एवढ्या अंतरात उतार फक्त चार मीटर.

‘‘किती?’’

‘‘चार.’’

बाबा कठड्याला टेकले. ‘‘अगं, पंप नाही, काही नाही... नुसत्या उतारावर? लेव्हल काढली कशी असेल यांनी?’’ मग पुढची वीस मिनिटं ते बोलत होते. उतार जास्त झाला तर काय होतं, कमी झाला तर गाळ कुठे साचतो, पावसाळ्यात फुटलेली मेन लाइन त्यांनी रात्रभर उभं राहून कशी जोडून घेतली होती. चौतीस वर्षांची नोकरी, आणि हे सगळं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. भावाने मोबाइल खिशात ठेवला.

गंगा भेटली!

पॅन्थिऑनला २०२३पासून तिकीट लागतं, पण काढाच. घुमटाचा व्यास आणि उंची सारखीच, ४३.३ मीटर. वर मधोमध उघडं गोल भोक, पाऊस सरळ आत! लोक वर बघत होते, बाबा फरशीवर पाणी निचरायची भोकं मोजत होते. बावीस.

शेवट पियात्सा नवोनाला. पिएत्रोचा मुलगा जानलोरेन्सो बेर्निनी याने १६५१ मध्ये इथे चार नद्यांचं कारंजं उभारलं. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता... आणि आपली गंगा! हातात वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष आहे ती. ‘‘गंगामाईला दाढी?’’ म्हणत आईने तरीही कठड्याबाहेरून हात जोडले. तिथेच बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाली.

रात्री साडेसातला सगळे आडवे. भारतात अकरा वाजले होते. तरी बाल्कनीतून बाबांचा आवाज येत होता. खात्यातल्या जुन्या मित्राला झोपेतून उठवलं होतं त्यांनी. ‘‘अरे ऐक तर! वीस किलोमीटरला चार मीटर!’’

पहिल्या दिवसाचे फंडे

* स्पान्या ते नवोना जेमतेम दोन किलोमीटर. दिवसभरात एवढंच चाला.
* रिकामी बाटली सोबत ठेवा, नाकाडी जागोजागी आहेत.
* कॉफी काउंटरवर उभ्याने प्या. टेबलावर बसलात की बिल वाढतं.
* उन्हाळ्यात रोमचं घड्याळ साडेतीन तास मागे असतं. सात-आठलाच झोप येणार, येऊ द्या.
* आणि मोस्ट इम्पॉर्टन्ट: शहर निवडताना स्वतःची लिस्ट काढा, पण पहिला दिवस आखताना आई-बाबांनी आयुष्यभर काय काम केलं ते आठवा. कोलोसियम दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं!