घरच्या पीसीबीवर कॉपर पोर: केमिकल वाचवा, नॉइज कमी करा



समजा, तुम्हाला पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवून विकायचाय आणि पहिले पाच-दहा बोर्ड घरीच बनवायचेत. डिझाइनमध्ये ट्रॅक काढून झाले की मधली रिकामी जागा तशीच सोडू नका. तिथलं तांबं राहू द्या आणि ते ग्राउंडला जोडा. यालाच म्हणतात कॉपर पोर. बोर्डची जवळजवळ अख्खी बाजू ग्राउंडला दिली, की झाला ग्राउंड प्लेन.

फायदा काय?

पहिला फायदा खर्चाचा. १० × १० सेंटिमीटरच्या सिंगल साइड बोर्डवर ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं असतं साधारण ३ ग्रॅम. नुसते ट्रॅक ठेवले, म्हणजे समजा २० टक्के, तर अडीच ग्रॅम तांबं विरघळवावं लागतं. पोर टाकून ७० टक्के ठेवलं तर एक ग्रॅमच्या आत काम होतं. तेवढ्याच फेरिक क्लोराईडमध्ये जास्त बोर्ड निघतात.

दुसरा फायदा नॉइजचा. करंट जातो तसा परतही येतो. परतीचा रस्ता अरुंद आणि लांब असेल तर रिले चालू होताच ग्राउंडचं व्होल्टेज हलतं आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होऊ शकतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "मशीन मधेच बंद पडतं," आणि माल परत! रुंद ग्राउंडने हा त्रास बराच कमी होतो. मात्र लांब ट्रॅकने पोरचे दोन तुकडे झाले तर करंटला वळसा पडतो. तिथे जंपर टाका.

घरी करताना एवढं पाळा

१. पोर आणि ट्रॅकमध्ये किमान ०.५ मिलिमीटर गॅप ठेवा. घरच्या बोर्डवर सोल्डर मास्क नसतो, त्यामुळे सोल्डर पटकन शेजारी चिकटतं.

२. ग्राउंडच्या पॅडला थर्मल रिलीफ द्या. नाहीतर सोल्डरिंगची उष्णता पोर ओढून घेतो आणि जॉइंट कच्चा राहतो.

३. कशालाच न जोडलेली तांब्याची बेटं काढून टाका.

४. टोनर ट्रान्सफरमध्ये मोठा काळा भाग फिका उमटतो, भोकं पडतात. केआयकॅडमध्ये त्यासाठी जाळीदार फिल निवडा. झोनचं नेट जीएनडी ठेवा आणि बदल केल्यावर 'बी' दाबून झोन पुन्हा भरा.

५. सगळ्यात महत्त्वाचं: २३० व्होल्टच्या भागात पोर अजिबात नको. तिथपासून ६ ते ८ मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. इथे प्रश्न गिऱ्हाइकाच्या जिवाचा आहे.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. आणि सप्लाय देण्याआधी मल्टिमीटरने प्लस आणि ग्राउंड तपासा. बीप आला तर आधी शॉर्ट शोधा, मगच पुढे जा.

ऑर्डर वाढल्या की हीच फाइल कारखान्यात द्या आणि सोल्डर मास्कसह बोर्ड बनवून घ्या. डिझाइन आजच नीट केलंत, तर तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.