राख नव्हे, कांच

राख म्हटली कीं आपणांस अग्निहोत्राचें भस्म किंवा चुलींतील मऊ राख आठवते. ज्वालामुखीच्या चूर्णासहि हेंच नांव रूढ झालें आहे. परंतु तें फसवें आहे. येथें कांहींच जळलेलें नसतें. भूगर्भांतील तप्त शिलारस वायूंच्या जोरानें फुटतो व त्याचे कण हवेंत तत्काळ थिजतात. सारांश, ही ‘राख’ म्हणजे कांच व खडक यांची तीक्ष्ण भुकटी होय. ती पाण्यांत विरघळत नाहीं. भिजली कीं अधिकच जड होते.

या भेदावर मनुष्याचे प्राण अवलंबून असतात. १५ जून १९९१ रोजीं फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा महास्फोट झाला, आणि त्याच दिवशीं वादळी पाऊस आला. छपरांवरील राख भिजून भारी झाली. त्या वेळीं मेलेल्यांपैकीं बहुतेक लोक कोसळलेल्या छपरांखालीं सांपडले. २४ जून १९८२ च्या रात्रीं जावा बेटानजीक गालुंगगुंगच्या राखेंत एक विमान शिरलें. ती कांच इंजिनांत वितळून चिकटली व चारहि इंजिनें बंद पडलीं. विमान राखेबाहेर खालीं उतरल्यावर थिजलेली कांच निखळली, इंजिनें पुन्हां चालूं झालीं आणि २६३ जीव वांचले.

हीच राख कालांतरानें झिजून सुपीक माती होते. जावांतील भातशेती याची साक्ष देते. परंतु ती वेळ येईपर्यंत, पावसापूर्वींच छपरें झाडून घेणें, हेंच तेथील गृहस्थाचें पहिलें कर्तव्य ठरतें.