पाच मिनिटांनी दुप्पट

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीनं फवारण्या वाढल्या, एकाच पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं कालवली गेली, आणि उंच पऱ्हाटीवर मारलेला फवारा फवारणाऱ्याच्याच तोंडावर उतरू लागला. त्या हंगामात शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यांत दाखल झाले. जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. विषाची जात ओळखायला मदत करणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात होत नव्हती, हेही त्या वेळी उघड झालं.

त्याच वर्षी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयात, शिकाऊ डॉक्टरांच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचे हेडसेट चढले. समोर अत्यवस्थ मूल, शेजारी घाबरलेले आईवडील, हाताशी औषधं. प्रसंग दोनच निवडले होते: न थांबणारे झटके आणि ॲलर्जीचा जीवघेणा धक्का. असे रुग्ण रोज येत नाहीत. पण येतात तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. म्हणून आधीच दहा वेळा चुकून घ्यायचं, तेही कुणाचा जीव न जाता.

मला या दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात. हे तंत्र आपल्याकडे येईल तेव्हा त्यात प्रसंग कुठला असेल? लॉस एंजेलिसचा, की यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसचा?

दिग्रसहून यवतमाळ दारव्ह्यामार्गे साठ-पासष्ट किलोमीटर. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका आल्या, त्यांत डॉक्टरही असतो. हा मोठाच आधार. पण फवारणीचं विष चढलेला माणूस दम कोंडून जातो. फुप्फुसांत पाणी साचतं, तोंडाला फेस येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. त्याला उपचार न करता नुसता 'रेफर' केला, तर वाटेतला प्रत्येक किलोमीटर त्याच्या विरोधात जातो. पहिला अर्धा तास तालुक्याच्या दवाखान्याचा असतो: एक वैद्यकीय अधिकारी, एक सिस्टर, आणि दाराशी जमलेलं गाव.

अशी लक्षणं आणणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर पहिलं औषध ॲट्रोपिन. जुनं, स्वस्त, माहीत असलेलं. बांगलादेशात चित्तगावला झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीडशेच्या वर रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला जुन्या रीतीनं, ठरावीक अंतरानं ठरावीक मात्रा. दुसऱ्या गटाला दर पाच मिनिटांनी तपासून, उतार नसेल तर मात्रा दुप्पट, आणि उतार पडल्यावर सलाईनमधून संथ धार. पहिल्या गटात शंभरातले बावीस-तेवीस गेले, दुसऱ्यात आठ. औषध तेच होतं, देण्याची रीत तेवढी बदलली होती.

ही रीत कागदावर एका ओळीत मावते. हाताला मात्र ती जड जाते. आपल्याकडच्या ॲम्प्युलमध्ये बहुधा ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असतं. सुरुवात तीन ॲम्प्युलनं केली, तर पुढे सहा, मग बारा, मग चोवीस. एरवी एक-दोन ॲम्प्युल वापरणाऱ्या सिस्टरचा हात बाराव्याला थबकणारच. मला यात तिचा दोष दिसत नाही. तिला हे कधी करूनच पाहायला मिळालेलं नसतं.

हेडसेटची खरी जागा मला इथे दिसते. १९६० साली नॉर्वेच्या आस्मुंड लॅर्डाल यांनी रेसुसी ॲन ही बाहुली बाजारात आणली, आणि छाती दाबायला जगभरचे हात तिच्यावर शिकले. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच सेंटिमीटर खोल. हे हेडसेट शिकवू शकणार नाही, कारण त्याला बरगडीचा प्रतिकार नाही. हातानं दाबून श्वास देण्याची अँब्युबॅग धरण्याचा अंदाजही बाहुलीवरच येतो. पण बाहुलीला घाम फुटत नाही, तिच्या बाहुल्या आकसत नाहीत. आभासी रुग्णाला हे सगळं होतं. कानात त्याच्या छातीतली घरघर ऐकू येते आणि पाचव्या मिनिटाला ती कमी झाली की नाही हे ठरवावं लागतं. ॲट्रोपिन जास्त झालं तर तो बरळतो, तापतो, चादर ओढू लागतो. थांबायचं कधी, हेही तिथेच कळतं.

दिग्रसचा प्रसंग लिहायचा तर तो सप्टेंबरातल्या रात्रीचा हवा. अंगावर औषधानं भिजलेला सदरा. तो हातमोजे घालून आधी उतरवायचा, अंग धुवायचं. सोबतच्या माणसाला विचारायचं, 'भाऊ, डबा आणला का?' कारण २०१७ मध्ये काहींच्या फवारणीत डायफेन्थियुरॉन होतं. ते या गटातलं नव्हे, आणि ॲट्रोपिन त्याचा उतारा नव्हे. प्रसंगात नातेवाईक वऱ्हाडीतच ओरडायला हवेत, कुणी बंजारा बोलीतही. कपाटात ॲम्प्युल अठराच आहेत, असाही एक प्रसंग हवा. तेव्हा तिसऱ्या मात्रेआधीच फोन कुणाला करायचा हे सुचलं पाहिजे. हेडसेट घेतले आणि कपाट रिकामंच राहिलं, तर तो पैसा वाया गेला असंच मी म्हणेन.

शेवटचा प्रसंग तिसऱ्या दिवशीचा. फेस गेलेला, बाहुल्या पूर्ववत, माणूस चहा मागतो आहे, घरचे म्हणतात, 'सिस्टर, आता सुट्टी द्या, शेत पडलं आहे.' ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषात एक ते चार दिवसांत स्नायू अचानक ढिले पडून श्वास बंद पडू शकतो, आणि त्याची पहिली खूण मानेत दिसते. म्हणून सिस्टरनं म्हणायचं, 'दादा, उशीवरून डोकं उचला बरं.' ते उचललं नाही, तर सुट्टीचा कागद बाजूला ठेवायचा आणि अँब्युबॅग खाटेशी आणायची.