बर्लिनहून आलेले मुंबईकर : रुडॉल्फ फॉन लायडेन

जैन घरांत जर्मन विद्वानाचे नाव निघाले की प्रथम आठवतात ते कल्पसूत्र आणि आचारांगाचा इंग्रजी अनुवाद करणारे हर्मन याकोबी. त्याच देशातून १९३३ मध्ये मुंबईस आलेले रुडॉल्फ फॉन लायडेन मात्र विस्मृतीत गेले. वास्तविक व्यापारी समाजाशी त्यांचा संबंध अधिक निकटचा. कारण मालाची जाहिरात चितारणे हीच त्यांची पहिली उपजीविका होती.

लायडेन यांचा जन्म १९०८ चा, बर्लिनचा. शिक्षण भूगर्भशास्त्राचे. हिटलर सत्तेवर आला आणि मातुल घराणे मूळचे ज्यू असलेल्या या तरुणाला मायदेश परका झाला. थोरले बंधू मुंबईत नोकरीस होते, त्यांच्या आधाराने ते आले. खडकांच्या विद्येवर येथे पोट भरेना, तेव्हा हातातल्या चित्रकलेवर भिस्त ठेवून त्यांनी जाहिरातचित्रांची कार्यशाळा काढली. पुढे ते टाइम्स ऑफ इंडियाच्या परिवारात शिरले. व्यंगचित्रांवर ते ‘डेनली’ अशी सही करीत. आपल्याच आडनावाचे दोन तुकडे करून उलटे जोडलेले हे नाव.

स्वतः ते जलरंगात चित्रे काढीत, परंतु त्यांची खरी कामगिरी इतरांची चित्रे ओळखण्यात आहे. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन केला, तेव्हा या चित्रांना गिऱ्हाईक तर सोडाच, बरे म्हणणाराही विरळा होता. आरा यांनी घरगडी म्हणून, मोटारी धुऊन दिवस काढले होते. अशांच्या बाजूने लायडेन वर्तमानपत्रात लिहीत राहिले. ऑस्ट्रियाहून आलेले चित्रकार वॉल्टर लांगहॅमर आणि औषधांच्या धंद्यातले संग्राहक श्लेसिंगर हे त्यांचे साथी. एक पारखणारा, एक शिकविणारा, एक पदरमोड करून विकत घेणारा! आपल्या श्रावकांनीही शतकानुशतके कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या द्रव्य खर्चून लिहवून घेतल्या. कलेला असा आश्रय लागतोच.

यवतमाळकरांनी यातले एक नाव विशेष जपावे. हरी अंबादास गाडे हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, जन्म १९१७ चा. विज्ञानाचा हा विद्यार्थी घरे आणि टेकड्या भौमितिक आकारांत रंगवू लागला. रझा यांचे शिक्षणही नागपूरच्या कलाशाळेत झाले. हे दोघे मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या चित्रांपुढे थांबून पाहणाऱ्यांत हा निर्वासित जर्मन होता.

पुढे लायडेन व्होलकार्ट ब्रदर्समध्ये गेले. वऱ्हाडचा कापूस परदेशी धाडणारी ही स्विस पेढी जुन्या अडत्यांच्या घरांत ऐकून माहीत असेल. १९५४ मध्ये टाटांच्या भागीदारीत तिच्यातून व्होल्टास निघाली, तेथेही त्यांनी काम केले.

उत्तरायुष्यात त्यांना छंद जडला गंजिफांचा. सप्तव्यसनांत द्यूत पहिले, म्हणून आपल्याकडे पत्ते नावडते. परंतु लायडेन यांनी त्यांत डाव न पाहता चित्र पाहिले. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि दहा पाने, अशी १२० हाती रंगविलेली गोल पाने असतात. सावंतवाडीसारख्या ठिकाणी ही कला मावळू लागली होती. लायडेन यांनी पाने जमविली, त्यांच्या प्रकारांची जुळणी केली आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील गंजिफांची सूची ग्रंथरूपाने सिद्ध केली. तो ग्रंथ १९८२ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.