मांजराचें दुखणें

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यासारख्या गांवांत मांजराचा घरांत प्रवेश होतो तो बहुधा उंदरांच्या निमित्तानें. धान्य आलें कीं उंदीर आले, आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आलें. पुढें मुलांना लळा लागतो, दुधाची वाटी ठरते, आणि कामासाठीं आलेला हा प्राणी घरचाच होऊन बसतो. मात्र गाय रवंथ करीनाशी झाली तर ज्या घरांत तासाभरांत धांवाधांव होते, त्याच घरांत मांजर दोन दिवस माळ्यावर निपचित पडलेलें असतें आणि तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. हा दोष सर्वस्वी माणसांचा नव्हे. मांजर हें मूळचें एकट्यानें शिकार करणारें जनावर. दुबळेपणा उघड करणें त्याला धोक्याचें. दुखूं लागलें कीं तें ओरडत नाहीं, लपतें.

म्हणून मांजर पाळणारानें त्याचें नित्याचें वागणें ओळखून ठेवावें. एरवीं अंग चाटून स्वच्छ राहणाऱ्या मांजराचे केस विसकटलेले दिसूं लागले, डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यांतील पांढुरका पडदा पुढें सरकला, वाटीजवळ जाऊन तें न खातां परतलें, कीं दुखण्याचा आरंभ झाला असें समजावें. निरोगी मांजराच्या अंगांतील उष्णता साधारणतः १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहीट असते. नाक गरम लागलें म्हणजे ताप आणि गार लागलें म्हणजे बरें, हा समज खरा नव्हे.

पिलांचा काळ ठरणारा रोग म्हणजे पॅनल्युकोपेनिया. त्याला मांजरांचा डिस्टेंपर असेंही म्हणतात, परंतु कुत्र्यांच्या डिस्टेंपरशीं त्याचा संबंध नाहीं. जेथें नव्या पेशी भराभर तयार होतात अशा दोन ठिकाणीं, आंतड्यांच्या अस्तरावर व हाडांतील मगजावर, याचा विषाणु घाला घालतो. अस्तर गेलें कीं वांत्या व जुलाब सुरू होतात. मगज निकामी झाला कीं रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा होतात आणि शरीराचें सैन्यच उरत नाहीं. काल खेळणारें पिलूं आज पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतें. तहान आहे, पण पिववत नाहीं. अशा वेळीं कोणी तरी विष घातलें असा संशय येतो आणि शेजाऱ्यांत विनाकारण वितुष्ट येतें. उपचारावांचून राहिलेलीं बहुतेक पिलें दगावतात.

या विषाणूवर खात्रीचें औषध नाहीं. पशुवैद्य शिरेवाटे किंवा कातडीखालीं क्षारयुक्त पाणी देऊन शरीरांतून गेलेलें पाणी भरून काढतो, वांती थांबवितो, आणि दुखावलेल्या आंतड्यांतून रक्तांत शिरणाऱ्या इतर जंतूंना अँटिबायोटिकनें अडवितो. एवढ्यावर चार-पांच दिवस निभावले तर शरीर नव्या पांढऱ्या पेशी घडवूं लागतें आणि पिलूं वांचतें. एकदां वांचलेल्यास हा रोग सहसा पुन्हां होत नाहीं. म्हणजे सारा प्रश्न पहिल्या दिवसाचा आहे. मानेमागील कातडी चिमटींत धरून सोडली असतां ती लगेच बसली नाहीं, तर अंगांतलें पाणी आटलें आहे असें जाणून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. बळेंच दूध घशांत ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें.

याहूनही मोठें भय घरांतील औषधाच्या डब्याचें आहे. ताप दिसला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा मांजराला चारणें म्हणजे त्याला विष देणें होय. माणसाचें यकृत ज्या रीतीनें हें औषध निरुपद्रवी करतें, ती सोय मांजराच्या यकृतांत जवळजवळ नाहींच. एक गोळीही त्याचा प्राण घेऊं शकते. फिनेलचीही तीच गत. त्यानें हा विषाणु मरत नाहीं, मात्र ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या मांजराला विषबाधा होते. कपड्यांचें ब्लीच एक भाग व पाणी सुमारें तीस भाग या प्रमाणांत घेऊन फरशी दहा मिनिटें ओली ठेवावी, मग स्वच्छ धुवावी. विषाणु घरांत वर्षभर टिकूं शकतो. तेव्हां एक पिलूं गेलें म्हणून लगोलग दुसरें, लस न टोंचलेलें, आणणें ही ममता त्याला महागांत पडते.

सर्दी त्या मानानें सौम्य. शिंका, चिकटलेले डोळे, कधीं जिभेवर फोड, हीं तिचीं लक्षणें. हर्पीस व कॅलिसी हे विषाणु बहुधा तिच्या मुळाशीं असतात. येथें मांजर मरतें तें पुष्कळदां उपासानें. नाक चोंदलें कीं वास येत नाहीं, आणि वास नाहीं तर मांजर तोंड लावीत नाहीं. कोमट मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या कापसानें नाक-डोळे पुसावे आणि मासळीसारखें वासाचें अन्न कोमट करून पुढें ठेवावें. दिवसभर कांहींच न खाल्लें तर पशुवैद्याला दाखवावें. गजकर्णानें मांजराचा जीव जात नाहीं. पण केस गळून वाटोळे चट्टे दिसले तर मुलांना दूर ठेवावें, कारण तें माणसालाही लागतें.

नंदुरबार जिल्ह्याला आणखी एका रोगाची आठवण आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें भारतांतील बर्ड फ्लूची पहिली साथ नवापूरच्या कोंबड्यांत उघडकीस आली. त्या वेळीं चिंता होती ती कोंबड्यांची आणि माणसांची. परंतु डिसेंबर २०२४ मध्यें नागपूरजवळ गोरेवाडा येथें तीन वाघ व एक बिबट्या याच एच५एन१ विषाणूनें दगावले, आणि २०२५ च्या आरंभीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा येथें पाळीव मांजरांतही तो सांपडला. वाघ काय, मांजर काय, कुळ एकच. कोंबडी सोलतांना उरलेले कच्चे तुकडे मांजरापुढें टाकण्याची चाल सोडावी. मांस शिजवूनच घालावें.

रेबीजची गोष्ट निराळी. तेथें उपचार माणसावर करावयाचा असतो. गरीब मांजर एकाएकीं अंगावर येऊं लागलें, आवाज बदलला, लाळ गळूं लागली, तर घशांत कांटा अडकला असेल म्हणून तोंडांत बोट घालूं नये. चावा किंवा ओरखडा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावा. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहीं लावूं नये. त्याच दिवशीं इस्पितळांत लस सुरू करावी. लक्षणें दिसल्यावर या रोगांतून माणूस सहसा वांचत नाहीं.

पॅनल्युकोपेनिया व सर्दीचे दोन विषाणु यांवर एकच लस मिळते. ती पिलूं सहा ते आठ आठवड्यांचें असतां प्रथम, पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवड्यांपर्यंत टोंचावी. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. ग्रामीण दवाखान्यांची आखणी मुख्यतः गुराढोरांसाठीं असते, तेव्हां मांजराची लस आधीं सांगून मागवावी लागण्याचा संभव असतो. ती २ ते ८ अंश सेंटिग्रेडमध्यें राहिली तरच गुणकारी असते. म्हणून खानदेशच्या वैशाखांत ती बर्फाच्या पेटींतून आली कीं पिशवींतून, हें टोंचण्यापूर्वीं विचारून घ्यावें.