ठाणे खाडी : भरतीच्या वेळी पक्ष्यांनी जायचे कुठे?

ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला. कागदावर काम फत्ते. प्रत्यक्षात ते अर्धेच झाले आहे, कारण हद्द नकाशावर आखली जाते आणि पक्षी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर जगतात. ओहोटीला गाळ उघडा पडला, की छोटा रोहित मान वाकवून उलट्या चोचीने सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. शेजारी उत्तरेकडून आलेले टिलवे, हे चिमुकले चिखलपक्षी, अळ्या-किडे टिपत असतात. सहा तासांत पाणी चढते. लांब पायांचा रोहित थोडा वेळ तग धरतो, बोटभर पायांच्या टिलव्याला मात्र लगेच उठावे लागते. मग हे थवे नेरुळच्या डीपीएस तळ्यावर, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेलगतच्या पाणथळीवर किंवा उरणच्या पाणजेला उतरतात. या जागा अभयारण्याबाहेर आहेत, आणि त्या गेल्या तर खाडीतला गाळ राखूनही पक्षी टिकणार नाहीत.

‘जातील दुसरीकडे,’ असे सहज म्हटले जाते. पण परतीच्या लांब प्रवासापूर्वी टिलव्याला अंगावर चरबी साठवायची असते. विसाव्यासाठी घातलेला प्रत्येक जादा फेरा ती जाळतो. शिवाय दुसरीकडे म्हणजे कुठे? काठाने एकतर इमारती आहेत, नाहीतर दाट तिवरे, आणि या पक्ष्यांना शत्रू दुरून दिसेल अशी मोकळी, उथळ जागा लागते. पाणथळींवरचे थवे विमानांना धोका ठरतात, हा विमानतळाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर विमानाच्या धडकेत तीसहून अधिक रोहित मेले, तेव्हा धोका खराच. मात्र पाणथळ बुजवल्याने थवे नाहीसे होत नाहीत. ते जागा शोधत भरकटतात, आणि ठरलेल्या वाटेने ये-जा करणाऱ्या थव्यापेक्षा भरकटलेल्या थव्याचा अंदाज बांधणे वैमानिकाला अवघडच.

अशा पाणथळींचे पुनरुज्जीवन म्हटले की आपल्याकडे सुशोभीकरण, पदपथ आणि दिवे आठवतात. इथे लागते ते फक्त भरतीचे पाणी. त्याची वाट अडली की तळे कुजते किंवा सुकते, वर शेवाळाचा थर धरतो. डीपीएस तळ्याने २०२४ मध्ये हे दाखवले. खारभूमीतल्या शेतकऱ्याला उघाडी, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, कधी उघडायची आणि कधी लावायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तळ्यात भरतीचे पाणी आणणाऱ्या मोऱ्या मोकळ्या ठेवणे हे त्याच जातीचे, कमी खर्चाचे पण कायमचे काम आहे. ते सिडकोचे, महापालिकेचे की वनखात्याचे, हे या जागांच्या संरक्षणाच्या आदेशातच नावानिशी लिहायला हवे.