‘माझा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे’, या म्हणण्यात तथ्य किती?

निकालाचा दिवस जवळ आला की घराघरांत ठरावीक वाक्यं ऐकू येतात. ‘गणित हिच्या डोक्यात शिरतच नाही.’ ‘तो मुळातच हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही.’ आता त्यात एका नव्या वाक्याची भर पडली आहे, ‘टेस्टमध्ये आलंय, तो व्हिज्युअल लर्नर आहे.’

मुलं वेगवेगळी असतात, यात शंका नाही. पण या वेगळेपणाचा शिकवण्याशी आणि परीक्षेशी नेमका संबंध काय? संशोधन काय सांगतं ते पाहूया.

कौतुकही उलटू शकतं?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी ‘माइंडसेट’ ही संकल्पना लोकप्रिय केली. बुद्धी जन्मतः मिळते आणि तेवढीच राहते, असं मानणं म्हणजे फिक्स्ड माइंडसेट. सरावाने, योग्य मदतीने क्षमता वाढते, असं मानणं म्हणजे ग्रोथ माइंडसेट.

१९९८ साली ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींच्या हुशारीचं कौतुक झालं, तर काहींच्या मेहनतीचं. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली गेली, जी बहुतेकांना जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी आली, तेव्हा हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली होती. मेहनतीचं कौतुक झालेल्यांची मात्र सुधारली होती.

असं का झालं? ‘जमलं म्हणजे मी हुशार’ हे एकदा मनात बसलं, की ‘जमलं नाही म्हणजे मी ढ’ हेही आपोआप बसतं.

मग ग्रोथ माइंडसेट हाच उपाय?

इतकं सोपं नाही. २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या नववीच्या १२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तासाभरापेक्षा कमी वेळाच्या ऑनलाइन सत्रांनी अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे ग्रेड वाढले, पण थोडेच. वर्गातलं वातावरण पोषक असेल तिथे फायदा जास्त दिसला. म्हणजे भिंतीवर ‘तू करू शकतोस’ असं पोस्टर लावून भागत नाही. चूक केल्यावर वर्गात हसं होत असेल, तर मूल प्रयत्न करणारच नाही.

‘व्हिज्युअल लर्नर’चं काय?

हार्वर्डचे हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला. भाषा आणि गणिताखेरीज संगीत, शारीरिक हालचाल, माणसं ओळखणं याही बुद्धिमत्ताच आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मानसशास्त्रात वाद आहेत. पण ‘प्रत्येक मुलाला त्याच्याच एका शैलीत शिकवा’ असा त्याचा अर्थ नाही, हे खुद्द गार्डनर यांनीही स्पष्ट केलं आहे.

२००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी याविषयीचं संशोधन तपासलं. बघून शिकणाऱ्याला चित्रं आणि ऐकून शिकणाऱ्याला भाषण दिलं की शिकणं सुधारतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचण्याही पालकांना विकल्या जातात. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे. अशा रिपोर्टवरून मुलाची शाखा ठरवणं म्हणजे पैसे देऊन त्याच्यावर शिक्का मारून घेणं.

मग शिक्षकांनी करायचं काय?

मुलांचे गट पाडण्याऐवजी एकच गोष्ट सगळ्यांना अनेक प्रकारे शिकवायची. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे चार तुकडे करा, फळ्यावर आकृती काढा, मग आकडे मांडा. नकाशा ऐकून कळत नाही आणि कवितेचा ताल नुसता बघून समजत नाही. म्हणजे पद्धत ठरते ती विषयावरून. मुलाला आधीपासून काय येतं, हे तपासणं त्याच्या ‘शैली’पेक्षा जास्त उपयोगाचं.

आणि परीक्षेत?

१९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, तर काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांमध्ये. दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. एकदा गुण दिसले की पुढचं कोण वाचतं?

भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही समग्र प्रगतीपत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकांसोबत विद्यार्थ्याने स्वतःचं आणि वर्गमित्रांनी एकमेकांचं मूल्यमापन करणं अपेक्षित आहे. प्रकल्प, प्रश्नमंजूषा, गटकाम यांचीही नोंद होणार. पण वर्गात साठ मुलं असतील आणि शिक्षकांवर इतर कामांचा भार असेल, तर प्रत्येकाला नेमका शेरा लिहायला वेळ कुठून येणार, हा प्रश्न उरतोच.

घरी काय करता येईल?

‘किती मिळाले?’ आधी ‘कुठे अडलं?’ असं विचारा. ‘हुशार आहेस’ म्हणण्याऐवजी ‘ही पद्धत बदललीस म्हणून जमलं’ असं नेमकं सांगा. मेहनत करूनही जमत नसेल, तर ‘अजून मेहनत कर’ एवढंच म्हणून थांबू नका. पद्धत बदलून बघा, शिक्षकांशी बोला. वाचण्या-लिहिण्यातली अडचण कायम राहत असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता ही खरी अडचण आहे, आळस नव्हे.

आणि ‘गणित डोक्यात शिरतच नाही’ हे वाक्य मुलासमोर पुन्हा तोंडावर आलंच, तर त्यात एक शब्द घाला : ‘अजून’.